मागे घेतलेली साक्ष: उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेचे एक प्रकरण

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या साठेक घरांच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे घडले. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि तारखा बदलल्या आहेत. अशाच दुसऱ्या घरांतले काही तपशीलही त्यात मिसळले आहेत. आजारी माणूस दादा आणि त्यांची पत्नी ताई, एवढीच नावे इथे पुरतील.

पार्श्वभूमी

दादा ४४ वर्षांचे, भाजीचा टेम्पो चालवणारे. रक्तदाब बरीच वर्षे होता, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. पायाला सूज आली तेव्हा तपासणी झाली, आणि दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्याचे कळले. जूनमध्ये डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी ४ तास, ३४ किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी. उपचार सरकारी योजनेत बसत होते, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडणारी रोजी बसत नव्हती. ताई अंगणवाडीत कामाला. मुलगा दहावीत, मुलगी सातवीत.

मंडळी या घराच्या पाठीशी लगेच उभी राहिली. बायबलातल्या दानीएलाने तीन आठवडे उपास केला होता, त्यावरून २१ दिवसांची साखळी प्रार्थना ठरली. घरागणिक एक तास वाटून दिला. शुक्रवारी उपास, संध्याकाळी दादांच्या ओसरीवर भजन आणि प्रार्थना. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, तेल लावून प्रार्थना केली. इथपर्यंत बोट ठेवावे असे काही नव्हते.

समस्या कशी वाढत गेली

पहिली चूक ऑगस्टमध्ये झाली, आणि ती इतकी साधी होती की कुणाच्या लक्षातच आली नाही. दादांच्या हातात दोन रिपोर्ट आले. एकात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी काढून टाकते तो रक्तातला टाकाऊ घटक, ९.४, दुसऱ्यात ३.९. ओसरीवर जमलेल्यांनी ते आकडे पाहिले आणि रविवारी उपासनेत दादांनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगितले: प्रभूने किडनी सुधारायला घेतली आहे. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही रिपोर्टांचे फोटो गेले.

पण दोन्ही रिपोर्ट एकाच दिवसाचे होते. पहिला नमुना सुई जोडताना घेतलेला, दुसरा ४ तासांनी मशीन थांबवताना. रक्त किती स्वच्छ झाले हे पाहायला डायलिसिस केंद्रात असे जोडीने नमुने घेतातच. आकडा खाली आला तो मशीनमुळे, आणि दोन दिवसांत तो पुन्हा वर चढणारच होता. किडनीत सुधारणा आहे का, हे पाहायचे तर डायलिसिसच्या आधीचे नमुने आठवड्यामागून आठवडे ताडून पाहावे लागतात आणि २४ तासांची लघवी मोजावी लागते. दादांची लघवी जेमतेम पाव लिटर होती आणि कमीच होत चालली होती. रविवारच्या आधी तंत्रज्ञाला एक फोन केला असता तरी उलगडा झाला असता. फोन करणे म्हणजे शंका घेणे, असे वाटल्यामुळे कुणी केला नाही.

दुसरी चूक नोव्हेंबरमधली. तालुक्याच्या गावी शुक्रवार ते रविवार आरोग्यदानाची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे व्हावेत यासाठीची, सभा होती. बाहेरून आलेल्या वक्त्याने मार्क ११:२४ वर संदेश दिला: मिळालेच आहे असा विश्वास धरा, म्हणजे मिळेल. दादांवर हात ठेवून प्रार्थना झाली. मंडपातल्या एका कार्यकर्त्याने पुढे सांगितले की मिळाले आहे म्हणायचे आणि मशीनवरही जायचे, हा दुटप्पीपणा झाला. त्या शनिवारी दादा डायलिसिसला गेले नाहीत. मंगळवारीही नाही.

सोमवारपर्यंत त्यांना चांगले वाटत होते. इथेच घात होतो. पाणी आणि पोटॅशियम साठत जाते ते हळूहळू, आणि त्यात दवाखान्याचा प्रवास नसल्याने माणसाला उलट हलके वाटते. त्यातून रविवारी उपास सोडताना त्यांना शहाळे आणि केळी दिली गेली. निरोगी माणसाला उत्तम, डायलिसिसच्या माणसाला नेमकी घातक, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर. मंगळवारी रात्री तीनच्या सुमाराला दादांना धाप लागली. आडवे होता येईना, पायातले बळ गेले. दवाखान्यात पोटॅशियम ७.३ निघाले, ते साधारण ५ च्या आत हवे असते. ईसीजी बिघडलेला होता. कॅल्शियमचे इंजेक्शन, इन्शुलिन आणि ग्लुकोज, पाठोपाठ तातडीचे डायलिसिस. तीन दिवस आयसीयूत काढून दादा घरी आले.

घरी आले खरे, पण ओसरी रिकामी. मंडळीतल्या लोकांना काय बोलावे ते सुचेना, म्हणून त्यांनी येणेच थांबवले. जे आले त्यांतल्या एकाने भावकीतल्या जमिनीच्या जुन्या वादाची आठवण काढली, म्हणजे कुठेतरी पाप दडलेले आहे असा सूर. ताईंनी मनाशी घेतले की त्या शनिवारी आपण अडवायला हवे होते; आणि त्याच्या उलटही, की आपल्या पोटातल्या भीतीमुळेच प्रार्थना अडली. एकाच बाईच्या डोक्यात दोन्ही आरोप. दादा कुणाशीच बोलेनात. मुलाने पाळकांना फाटकातच गाठून विचारले, “पाळकसाहेब, बाबांचा विश्वास कमी पडला की देवानं ऐकलंच नाही? दोन्हीपैकी एकच सांगा.”

कोणते मार्ग समोर होते

पाळक आणि कमिटीतले दोघे एका संध्याकाळी बसले. चार मार्ग चर्चेला आले.

पुन्हा २१ दिवसांची साखळी धरावी, हा पहिला आणि सर्वांत सोपा. लोकांना कामाला लावता आले असते. पण तीच मागणी त्याच शब्दांत, अधिक जोराने, यापलीकडे त्यात नवे काही नव्हते. आणि याही वेळी तसेच झाले तर दादांच्या घराला तिसरा धक्का.

“प्रभूची इच्छा” म्हणून विषय मिटवावा, हा दुसरा. हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोण कुणाला म्हणतो यावर सगळे अवलंबून आहे. येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ते स्वतःविषयी म्हटले, तेही दुःखाचा प्याला टळावा अशी उघड विनवणी करून झाल्यावर, आणि तीच प्रार्थना तीनदा करून. ओसरीच्या पायरीवर उभे राहून दुसऱ्याला ते ऐकवले की त्याचा अर्थ उरतो एवढाच: आता गप्प बसा.

तिसरा मार्ग, सभेत बोललेल्या वक्त्याविरुद्ध जाहीर भूमिका घेण्याचा. कमिटीतले एक जण त्याच्या बाजूचे होते. पाळकांचे म्हणणे पडले की ऑगस्टची साक्ष आपल्याच वेदीजवळून दिली गेली. आधी आपले अंगण झाडावे.

चौथा मार्ग सर्वांत अवघड: चुकीची साक्ष उपासनेतच दुरुस्त करायची, दादांच्या घराला तक्रार करायला जागा द्यायची, आणि बरे होण्याची मागणी न सोडता प्रार्थनेची रीत बदलायची. तो निवडला गेला, पण एकमताने नाही. “लोकांचा विश्वास डळमळेल” हा आक्षेप नोंदला गेला. आक्षेप रास्त होता. त्यानंतर दोन कुटुंबे दुसऱ्या मंडळीत गेली.

काय केले

दुरुस्ती पुढच्याच रविवारी, आणि ती दादांनी नव्हे, पाळकांनी केली. हा निर्णय महत्त्वाचा होता. आजारी माणसाला उभे करून “मी चुकलो” म्हणायला लावले असते तर सगळा भार पुन्हा त्याच्याच खांद्यावर गेला असता. पाळकांनी चार वाक्यांत सांगितले: ते दोन आकडे एकाच दिवसाचे होते, ते आम्ही नीट समजून घेतले नाहीत, दादा आजारी आहेत, आणि डायलिसिस सोडणे हे विश्वासाचे लक्षण नाही. आधाराला २ राजे २० घेतले. हिज्कीयाने रडून प्रार्थना केली, त्याला १५ वर्षे वाढवून मिळाली, आणि त्याच अध्यायात यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. वचन आणि औषध एकाच माणसाने, एकाच खोलीत आणले.

कमिटीने त्याच आठवड्यात एक नियम लिहून ठेवला: आजाराविषयीची साक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय द्यायची नाही, आणि कुणाचाही रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा नाही.

मग भेटी. पहिल्या भेटीला पाळकांनी बायबल पिशवीतच ठेवले. बायबलातल्या ईयोबावर दोष नसताना संकटे कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. चुकले ते तोंड उघडल्यावर. शेवटी देव त्या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखे यथार्थ बोलला नाहीत. म्हणजे ओरडणारा ईयोब बरोबर, आणि देवाची बाजू मांडणारे मित्र चूक. मुलाच्या फाटकातल्या प्रश्नाला पाळकांनी याच गोष्टीतून उत्तर दिले: तू दिलेल्या दोन पर्यायांपलीकडे तिसरी जागा आहे, ईयोब तिथे उभा आहे, आणि त्याला कारण अखेरपर्यंत सांगितलेले नाही. मुलाचे समाधान झाले असे नाही. पण प्रश्न विचारल्याबद्दल त्याला कुणी रागावले नाही, एवढे त्याने पाहिले.

तिसऱ्या भेटीपासून स्तोत्रसंहिता उघडली. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. आपल्या उपासनेत मात्र साक्षीला वेळ ठरलेली असते आणि विलापाला नसते. १३ वे स्तोत्र सुरुवातीला सोयीचे, अवघ्या सहा वचनांचे. पहिली दोन वचने “कोठवर” या शब्दाने भरलेली, मग मागणी, मग भरवशाकडे वळण. ८८ व्यात ते वळणच नाही. ते अंधारात संपते. ते वाचल्यावर ताई प्रथमच बोलल्या: “हे बायबलात आहे?”

कोणते उतारे टाळले हेही नोंदवण्यासारखे. रोमकरांस ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे खरे असले तरी पहिल्या महिन्यात वापरले नाही. दुःख अजून बोलून झालेले नसताना ते झाकणासारखे बसते. दाविदाच्या बाळाचा प्रसंग, २ शमुवेल १२, अशा वेळी हमखास सांगितला जातो, कारण दावीद सात दिवस उपास करून शेवटी उठतो, आंघोळ करून जेवतो. पण तिथे बाळाचा मृत्यू बापाच्या पापाशी जोडलेला आहे. जमिनीच्या वादाची कुजबुज चालू असलेल्या घरात तो उतारा म्हणजे विस्तवात तेल. त्याऐवजी योहान ९:३, याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आणि २ तीमथ्य ४:२०, ज्यावर सहसा संदेश होत नाही: पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, त्याचा सोबती आजारीच मागे राहिला, आणि पौल त्याला अविश्वासू म्हणत नाही.

दादांना पाळकांनी एक काम दिले. डायलिसिसच्या वेळी डाव्या हातात दोन सुया असतात, तो हलवता येत नाही. उजवा मोकळा असतो आणि ४ तास रिकामे असतात. एक वही घ्या, त्यात देवाला सरळ लिहा, चांगले लिहायचा प्रयत्न करू नका. पहिले तीन आठवडे वही कोरी. मग एक ओळ: “कोठवर, प्रभू, हे मशीन?” पुढे: “पाणी मोजून पितो. दिवसाला पाऊण लिटर, बाटलीवर खूण केली आहे. तू काय मोजतोस?” पाळकांनी या ओळी सुधारल्या नाहीत, खाली वचनही लिहून दिले नाही.

घरची प्रार्थनाही बदलली, आणि ती कुणी ठरवून बदलली नाही. फिश्चुला, म्हणजे मनगटाजवळ नस आणि धमनी जोडून केलेली जागा, चालू आहे की नाही हे रोज पाहावे लागते. बोट ठेवले की आत मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. ती थांबली तर लगेच दवाखाना. हे काम मुलाकडे होते. तो रात्री बापाच्या मनगटावर बोट ठेवी, “आहे” म्हणे, आणि ताई तेवढ्यावरच आमेन म्हणत. काही महिने त्या घरात एवढीच कौटुंबिक प्रार्थना झाली.

मंडळीने वाहनाची पाळी लावली. सहा जण, आठवड्यातून तीन फेऱ्या, नावे चर्चच्या फलकावर. पूर्वी जे साखळी प्रार्थनेत तास घेत होते त्यांतलेच हे सहा. प्रार्थना चालूच राहिली, बरे कर हीच मागणी. पण तिला दानीएलाच्या ३ ऱ्या अध्यायातल्या, भट्टीत टाकले जाणाऱ्या तिघांच्या शब्दांची जोड मिळाली: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवले तरीही. हे “तरीही” मोठ्याने म्हणायला काही जणांना महिने लागले. त्यांना ते हार मानल्यासारखे वाटे.

ताईंशी महिला मंडळातल्या एका वयस्क बाईंनी संबंध ठेवला. त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. त्यांनी वचन सांगितले नाही, पंडिता रमाबाईंचे सांगितले: १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, आजारी रमाबाई त्यानंतरही बायबलच्या भाषांतराचे काम करत राहिल्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. “त्यांनी पोरीसाठी प्रार्थना केली नसेल का?” एवढेच विचारून बाई भाजी निवडायला बसल्या. ताईंची झोप आणि जेवण तुटले होते, म्हणून याच बाईंनी त्यांना सरळ विचारले, जीव द्यावासा वाटतो का. उत्तर नकाराचे आले. तरी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे.

किडनी देण्याचा प्रश्न

फेब्रुवारीत प्रत्यारोपणाचा विषय निघाला. ताईंचा रक्तगट जुळेना, आईला मधुमेह. धाकट्या भावाचा गट जुळत होता. कायद्याने भाऊ जवळच्या नातलगांत येतो. भावाची बायको मात्र धास्तावली, घरात दोन लहान मुले होती. मंडळीत लगेच प्रार्थना सुरू झाली: प्रभू, त्याचे मन वळव. दोघांनी पाळकांना गळ घातली की तुम्ही त्याला सांगा, हीच देवाची इच्छा आहे.

पाळकांनी नकार दिला. जिवंत दात्याची संमती दडपणाशिवाय असावी लागते, हे डॉक्टरही तपासतात आणि परवानगी देणारी समितीही. देवाचे नाव घालून आणलेले दडपण हेही दडपणच. त्यांनी भावाला एवढेच सांगितले की तू नाही म्हणालास तर ते मंडळीत कुणाला कळणार नाही. तसेच “भावाचे मन वळव” ही जाहीर प्रार्थना बंद करायला लावली, कारण माणसाला उद्देशून केलेली ती मागणी होती, फक्त डोळे मिटून. भावाने शेवटी नाही म्हटले. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत दादांचे नाव नोंदवले गेले. दोघे भाऊ बोलते राहिले. वरच्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत नेमका होता असे म्हणावे लागेल, जरी त्यातून किडनी मिळाली नाही.

परिणाम

सप्टेंबरमध्ये दादा गेले. शनिवार ते मंगळवार हा डायलिसिसमधला सर्वांत लांब खंड, आणि हृदय बंद पडण्याचा धोका त्याच्या शेवटी जास्त असतो. मंगळवारी सकाळी सहाला गाडी दारात उभी होती. मुलाने मनगटावर बोट ठेवले तेव्हा थरथर लागली नाही.

अंत्यविधीत पाळकांनी कारण सांगितले नाही. ताईंच्या परवानगीने वहीतली दोन पाने वाचली. ताई त्यानंतर पाच महिने उपासनेला आल्या नाहीत. कुणी त्यांना बोलवायला गेले नाही. गुरुवारी एक डबा मात्र जात राहिला.

काय वेगळे करता आले असते

साक्षीआधी एक फोन, हे उघडच आहे. त्याहून मोठी उणीव अशी की २१ दिवसांची साखळी ठरवताना २२ व्या दिवशी काय, याचा विचार नव्हता. मुदत घातलेल्या प्रार्थनेत ती संपल्यावर आजारी माणूस परीक्षेत नापास झाल्यासारखा उरतो. मुदत हवीच असेल तर ती उपासाला घालावी, देवाला नव्हे, आणि शेवटच्या दिवशी घरी जायला दोन माणसे आधीच नेमावीत.

केंद्रातून मिळणारे खाण्यापिण्याचे कोष्टक मंडळीतल्या स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत जूनमध्येच जायला हवे होते. शहाळे प्रेमानेच दिले गेले होते. आणि शनिवारी दादा मंडपात दिसले तेव्हा मंडळीतले पाच-सहा जण तिथे होते. आज डायलिसिस नाही का, हे विचारणे कुणालाही जमले असते.

मुलाकडे मात्र उशिराच लक्ष गेले. फाटकातल्या उत्तरानंतर त्याच्याशी वेगळे असे कुणी बसले नाही. मोठ्यांच्या भेटी चालत तेव्हा तो आतल्या खोलीत अभ्यासाला असे. तो अजून उपासनेला येत नाही. वाहनाच्या पाळीत मात्र दुसऱ्या एका रुग्णासाठी सोबत म्हणून जातो.

सध्याची स्थिती

ताई फेब्रुवारीपासून मागच्या बाकावर बसू लागल्या. शुभशुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्याच्या वेळी २२ वे स्तोत्र वाचाल का, असे पाळकांनी विचारले. त्या हो म्हणाल्या. “माझ्या देवा, माझ्या देवा” पासून सुरू करून त्या २१ व्या वचनापर्यंत वाचत गेल्या. २२ व्यापासून स्तोत्र स्तुतीकडे वळते. तिथे त्यांनी पुस्तक मिटले आणि जागेवर जाऊन बसल्या. उरलेली दहा वचने पाळकांनी दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितली नाहीत.